विश्लेषण : ज्यांनी किलोग्रॅम तोलला, त्यांनाच गिलोटिनवर का चढवले? लॅव्हाझिए आणि दशमान पद्धतीची गोष्ट

मोबाइलवर सातबारा उतारा उघडला की क्षेत्राच्या रकान्यात ‘हे. आर. चौ.मी.’ असे दिसते. बोलताना आपण गुंठे आणि एकर म्हणतो, कागदावर मात्र हेक्टर आणि आर असतात. हा ‘आर’ फ्रान्सच्या क्रांतिकारी संसदेने ७ एप्रिल १७९५ रोजी केलेल्या कायद्यातून आला. मीटर, लिटर आणि ग्रॅम ही नावेही त्याच कायद्यात आहेत. या पद्धतीतले वजनाचे एकक ज्यांनी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तोलून काढले, ते आंत्वान लॅव्हाझिए मात्र कायदा झाला तेव्हा हयात नव्हते. अकरा महिन्यांपूर्वी त्याच क्रांतीच्या न्यायालयाने त्यांना मृत्युदंड दिला होता. नववीच्या विज्ञानात द्रव्य अक्षय्यतेच्या नियमापाशी भेटणारे हे लॅव्हाझिए रोजच्या वजन-मापांशी कसे जोडले गेले आणि त्यांचा शेवट असा का झाला, याविषयी.

दशमान पद्धतीत नेमकी कोणती एकके येतात?

लांबीसाठी मीटर, वस्तुमानासाठी ग्रॅम, द्रव आणि धान्याच्या मापासाठी लिटर आणि जमिनीसाठी आर ही १७९५ च्या कायद्यातली प्रमुख एकके. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद चौरस म्हणजे एक आर, म्हणजेच १०० चौरस मीटर. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. मोठे एकक हवे असेल तर नावाआधी डेका, हेक्टो, किलो लावायचे. लहान हवे असेल तर डेसी, सेंटी, मिली. दहाने गुणा किंवा भागा, हिशेब संपला.

आज जगभर वापरली जाणारी ‘एसआय’ पद्धत याच दशमान पद्धतीचे आधुनिक रूप. तिच्यात सात मूलभूत एकके आहेत : मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्व्हिन, मोल आणि कँडेला. लिटर, हेक्टर आणि टन ही एसआयची अधिकृत एकके नाहीत, पण तिच्यासोबत वापरायला मान्यता आहे. मिनिट आणि तास यांचेही तसेच. बाजार समितीतला क्विंटल म्हणजे १०० किलो, त्यामुळे तोही दशमान घराण्यातलाच.

इंच, फूट, मैल, पौंड, गॅलन, एकर ही ब्रिटिश परंपरेतली मापे दशमान पद्धतीत येत नाहीत. गुंठा आणि तोळाही नाही. गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे आरच्या अगदी जवळ, पण आर नव्हे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफाकडे आज एक तोळा म्हटले की दहा ग्रॅम धरतात. नाव जुने राहिले, माप मात्र दशमान झाले.

लॅव्हाझिए कोण होते?

जन्म २६ ऑगस्ट १७४३, पॅरिस. वडील वकील. आई लहानपणीच गेली. घरच्या वाटेने तेही कायदा शिकले, वकिलीची पदवी घेतली. पण ओढा विज्ञानाकडे होता. शहरातल्या रस्त्यांवर दिवे कसे असावेत यावर लिहिलेल्या निबंधासाठी १७६६ मध्ये विज्ञान अकादमीने त्यांना सुवर्णपदक दिले. दोन वर्षांनी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, ते स्वतः अकादमीत दाखल झाले.

त्याच १७६८ साली त्यांनी आणखी एक निर्णय घेतला. वारशाने आलेला पैसा त्यांनी ‘फेर्म जनराल’ या कंपनीत गुंतवला. ही साधी कंपनी नव्हती. राजाकडून करवसुलीचा इजारा घ्यायचा, राजाला ठरलेली रक्कम द्यायची आणि जनतेकडून वसूल होईल त्यातला वरचा भाग स्वतः ठेवायचा, हा तिचा धंदा. मिठावरचा कर, तंबाखूचा मक्ता आणि पॅरिसमध्ये येणाऱ्या मालावरची जकात तिच्या हातात होती. लॅव्हाझिए या इजारदारांपैकी एक झाले.

१७७१ मध्ये त्यांचे लग्न झाले ते एका ज्येष्ठ इजारदाराच्या मुलीशी. मारी-आन पोल्झ तेव्हा १३ वर्षांच्या होत्या, लॅव्हाझिए २८ वर्षांचे. पुढे मारी-आन त्यांच्या प्रयोगशाळेतल्या सहकारी झाल्या. प्रयोगांच्या नोंदी ठेवणे, इंग्रजी ग्रंथांचे फ्रेंच भाषांतर करणे, उपकरणांची रेखाचित्रे काढणे ही कामे त्यांची. लॅव्हाझिए यांच्या १७८९ च्या प्रसिद्ध रसायनशास्त्राच्या ग्रंथातली १३ चित्रपाने मारी-आन यांच्याच हातची आहेत.

दिवसाची विभागणी ठरलेली. सकाळी सहा ते नऊ विज्ञान, मग कार्यालयीन कामे, संध्याकाळी सात ते दहा पुन्हा विज्ञान. इजाऱ्याच्या कमाईतून त्यांनी त्या काळातली सर्वांत अचूक उपकरणे बनवून घेतली. म्हणजे मिठावरच्या करातून आलेला पैसा अखेर प्रयोगशाळेतल्या तराजूंपर्यंत पोहोचला. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

तराजूने रसायनशास्त्र कसे बदलले?

पाणी बराच काळ उकळले की त्याची माती होते, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. उकळून आटवलेल्या पाण्याच्या तळाशी गाळ दिसायचाच. लॅव्हाझिए यांनी बंद काचपात्रात पाणी १०१ दिवस तापवत ठेवले. आधी पात्र तोलले, नंतर पात्र, पाणी आणि गाळ वेगवेगळे तोलले. एकूण वजन बदलले नव्हते, पात्राचे वजन मात्र घटले होते. गाळ पाण्यातून आला नव्हता, काच झिजून आला होता.

हीच पद्धत त्यांनी ज्वलनाला लावली. पदार्थ जळताना त्यातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे तत्त्व बाहेर पडते, असे तेव्हाचे शास्त्र सांगत होते. पण धातू तापवून त्याचे भस्म केले तर वजन वाढते. काही बाहेर पडले असेल तर वजन वाढेल कसे? लॅव्हाझिए यांनी दाखवून दिले की, हवेतला एक वायू धातूशी जोडला जातो. हा वायू प्रीस्टली आणि शील यांनी स्वतंत्रपणे मिळवला होता. त्याला ऑक्सिजन हे नाव आणि ज्वलनातले योग्य स्थान लॅव्हाझिए यांनी दिले. १७८३ मध्ये त्यांनी पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग असल्याचेही मांडले.

रासायनिक क्रियेच्या आधी आणि नंतर एकूण वस्तुमान तेवढेच राहते, या नियमाचा पाया म्हणजे हे सारे तोलणे. पण इथेच एक अडचण होती. तोलायचे कशात?

एकाच मापाची गरज का भासली?

पॅरिसमध्ये वजनाचे एकक होते लिव्र, आजच्या हिशेबाने सुमारे ४८९.५ ग्रॅम. एका लिव्रचे १६ औंस, एका औंसाचे ८ ग्रो, एका ग्रोचे ७२ ग्रेन. म्हणजे एका लिव्रचे ९,२१६ ग्रेन. प्रत्येक प्रयोगाची बेरीज-वजाबाकी या १६, ८ आणि ७२ च्या पायऱ्यांवरून करायची. शिवाय दुसऱ्या शहरातला लिव्र वेगळा, लंडनचा पौंड आणखी वेगळा. तिकडच्या रसायनशास्त्रज्ञाचा प्रयोग पडताळायचा तर आधी त्याची मापे उलगडत बसा.

म्हणून १७८९ च्या ग्रंथात लॅव्हाझिए यांनी एक व्यवहारी तोडगा सुचवला. सर्व देशांचे वजन एक होईल तेव्हा होईल; तोवर प्रत्येकाने आपापल्या पौंडाचे दशांश, शतांश, सहस्रांश असे भाग पाडून त्यात आकडे द्यावेत. म्हणजे निदान गुणोत्तरे तरी सगळीकडे सारखी दिसतील.

सामान्य शेतकऱ्यासाठी हा प्रश्न पोटाचा होता. सरंजामदार आपला हिस्सा धान्यात घ्यायचा आणि मापही त्याचेच असायचे. माप थोडे मोठे झाले की कर न वाढवता वसुली वाढायची. क्रांतीच्या उंबरठ्यावर गावागावांतून राजाकडे आलेल्या गाऱ्हाण्यांत एकसारख्या मापांची मागणी वारंवार दिसते.

किलोग्रॅम कसा तोलला?

८ मे १७९० रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने मापे एकसारखी करण्याचा प्रस्ताव मंजूर केला. काम विज्ञान अकादमीकडे आले. लॅव्हाझिए तिच्या समितीत होते आणि पुढे मापांच्या कामाचे खजिनदारही. कोणत्याही राजाचा हात किंवा पाय प्रमाण मानायचा नाही, माप निसर्गातून घ्यायचे, असे ठरले. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. मीटरच्या दहाव्या भागाएवढी बाजू असलेल्या घनात मावेल तेवढे शुद्ध पाणी म्हणजे वजनाचे एकक.

व्याख्या सोपी, मोजणे अवघड. पाणी घनाकृती भांड्यात भरून तोलले तर कडेला चढणारे पाणी, भांड्याचे कोपरे, बुडबुडे अशा असंख्य चुका शिरतात. लॅव्हाझिए आणि खनिजशास्त्रज्ञ रने-ज्युस्त आवी यांनी वेगळा मार्ग धरला. पितळेचा एक दंडगोल घेतला आणि त्याची मापे अत्यंत काळजीपूर्वक घेतली. मग तो आधी हवेत तोलला आणि नंतर शुद्ध पाण्यात बुडवून तोलला. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाण्यात वजन जेवढे कमी भरते, तेवढेच दंडगोलाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन असते. आकारमान माहीत, वजन माहीत. भागाकार केला की उत्तर हाती. त्यात तापमानाची आणि हवेच्या उद्धरणाची दुरुस्ती करावी लागते, तीही त्यांनी केली.

हे काम जानेवारी १७९३ मधले. उत्तर आले १८,८४१ ग्रेन. १ ऑगस्ट १७९३ च्या कायद्याने हे वजन तात्पुरते प्रमाण ठरले आणि त्याला ‘ग्राव्ह’ असे नाव मिळाले. त्याच वर्षी लॅव्हाझिए यांच्या घराच्या बागेत गणितज्ञ बोर्दा यांच्यासह मीटरच्या मोजणीसाठी लागणाऱ्या धातूच्या पट्ट्या तापमानाने किती प्रसरण पावतात, याचेही प्रयोग झाले.

मग अटक कशासाठी?

कायदा होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच, ८ ऑगस्टला, क्रांतिकारी संसदेने विज्ञान अकादमीच बरखास्त केली. राजाच्या कृपेने चालणाऱ्या सर्व संस्थांवर तेव्हा संशय होता. मापांचे काम थांबू नये म्हणून सप्टेंबरमध्ये एक तात्पुरता आयोग नेमला गेला. लॅव्हाझिए त्यात होते.

पण त्यांची दुसरी ओळख पुसली जात नव्हती. इजारदारांची कंपनी १७९१ मध्येच बंद झाली होती, तिच्याविषयीचा राग मात्र कायम होता. मिठासाठी घरांच्या झडत्या, चोरट्या मिठाबद्दल कठोर शिक्षा हे लोक विसरले नव्हते. जकात चुकवून माल शहरात येऊ नये म्हणून पॅरिसभोवती तटबंदी उभी राहिली, तिची कल्पना लॅव्हाझिए यांचीच होती. शहराला तुरुंग केल्याची भावना तिने निर्माण केली. क्रांतीतले जहाल नेते मारा यांनी आपल्या पत्रातून लॅव्हाझिए यांच्यावर जाहीर टीका केली होती.

नोव्हेंबर १७९३ च्या अखेरीस सर्व माजी इजारदारांच्या अटकेचा आदेश निघाला. लॅव्हाझिए काही दिवस बाहेर राहिले, नंतर सासऱ्यांसह स्वतःहून हजर झाले. आरोपांपैकी एक लक्षात राहण्यासारखा आहे : तंबाखूत प्रमाणाबाहेर पाणी घालून तिचे वजन वाढवले आणि लोकांना लुबाडले. पाण्याचे वजन जगात सर्वांत काटेकोरपणे मोजणाऱ्या माणसावर पाण्याने वजन वाढवल्याचा आरोप होता. तुरुंगात बसून इजारदारांच्या वतीने उत्तराचा मसुदा तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

ते निर्दोष होते का? वैयक्तिक फसवणुकीचा पुरावा पुढे आला नाही. कोठारांत दुष्काळ असताना ब्ल्वा शहराला त्यांनी बिनव्याजी पैसे दिल्याची नोंद आहे. पण ज्या व्यवस्थेने गरिबांकडून मिठाचे पैसे वसूल केले, तिच्या नफ्यात त्यांचा वाटा होता, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात होत्या.

सहकाऱ्यांनी वाचवण्याचा प्रयत्न केला का?

केला, पण मोजक्यांनी. डिसेंबर १७९३ मध्ये मापांच्या आयोगाच्या वतीने बोर्दा आणि आवी यांनी लेखी विनंती केली की, वजनाचे काम लॅव्हाझिए यांच्यावाचून अडले आहे, त्यांना सोडावे. आवी हे धर्मगुरू होते आणि वर्षभरापूर्वी स्वतः कैदेतून सुटले होते. अशा काळात त्या कागदावर सही करणे किती जोखमीचे होते, याची कल्पना करता येईल. काही दिवसांतच उत्तर आले ते उलटे. २३ डिसेंबरला बोर्दा, लाप्लास, कुलोम, दलाँब्र यांच्यासह लॅव्हाझिए यांना आयोगातूनच काढून टाकण्यात आले. कारण दिले गेले ते प्रजासत्ताकावरील निष्ठेचे.

८ मे १७९४ रोजी सकाळी खटला चालला आणि त्याच दिवशी शिक्षेची अंमलबजावणी झाली. लॅव्हाझिए यांच्यासह २८ इजारदारांना गिलोटिनखाली मारण्यात आले. त्यांत त्यांचे सासरेही होते. लॅव्हाझिए तेव्हा ५० वर्षांचे होते. मापे एकसारखी करण्याचा प्रस्ताव मंजूर झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. त्यानंतर ८० दिवसांनी रोब्सपिएर यांची सत्ता कोसळली आणि दहशतीचे पर्व संपले.

शिरच्छेदानंतर शुद्ध किती वेळ राहते हे पाहण्यासाठी लॅव्हाझिए डोळे मिचकावत राहिले, ही गोष्ट समाजमाध्यमांवर अनेकदा फिरते. तिला समकालीन पुरावा नाही. न्यायाधीशांनी वैज्ञानिकांची गरज नसल्याचे सुनावले, हे कथनही नंतरचेच मानले जाते.

किलोग्रॅमच्या नावातच ‘किलो’ का?

एसआयच्या सात मूलभूत एककांपैकी आधीच उपसर्ग लागलेले एकच, किलोग्रॅम. याचे उत्तर या गोष्टीत आहे. १७९३ चे मूळ एकक होते ग्राव्ह. १७९५ च्या कायद्याने ते नाव वगळले आणि त्याच्या हजाराव्या भागाला ग्रॅम म्हणून पायाचे एकक केले. पण एक ग्रॅम इतका लहान की, देशाचे प्रमाण म्हणून त्याचे वजन बनवणे आणि जपणे सोयीचे नव्हते. त्यामुळे १७९९ मध्ये प्लॅटिनमचे प्रमाण वजन घडवले ते हजार ग्रॅमचे. कायद्यात पाया ग्रॅमचा, तिजोरीत ठोकळा किलोग्रॅमचा. पुढे ठोकळाच पाया ठरला आणि ‘किलो’ नावाला चिकटून राहिला. मिली, सेंटी हे उपसर्ग मात्र आजही ग्रॅमलाच लागतात.

लॅव्हाझिए यांचे मोजमाप किती अचूक होते?

१७९९ मधली अंतिम किंमत होती १८,८२७.१५ ग्रेन. लॅव्हाझिए आणि आवी यांच्या आकड्यापेक्षा जवळपास १४ ग्रेन, म्हणजे पाऊण ग्रॅम कमी. पण ही सगळी चूक त्यांची नव्हे. त्यांनी वापरलेला तात्पुरता मीटर अंतिम मीटरपेक्षा सुमारे ०.३ मिलिमीटरने लांब होता. लांबीतला हा फरक घनात तिप्पट होतो. शिवाय त्यांचे एकक वितळत्या बर्फाच्या तापमानाला होते, १७९९ चे ४ अंश सेल्सिअसला, जिथे पाणी सर्वांत घन असते. हे फरक वजा करून आम्ही ढोबळ हिशेब केला, तेव्हा उरलेली तफावत दोन ते चार ग्रेन निघाली, म्हणजे किलोमागे पाव ग्रॅमहूनही कमी. सव्वादोनशे वर्षांपूर्वी, विजेशिवाय, हाताने बनवलेल्या तराजूवर.

पुढे काय झाले?

मारी-आन यांना जप्त केलेली उपकरणे आणि कागदपत्रे परत मिळाली. पतीचे अपुरे राहिलेले लेखन त्यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केले. लॅव्हाझिए यांचे तराजू आज पॅरिसच्या तंत्र-संग्रहालयात आहेत. फ्रान्समध्ये दशमान मापे खऱ्या अर्थाने सक्तीची व्हायला १ जानेवारी १८४० उजाडले. २० मे १८७५ रोजी १७ देशांनी पॅरिसमध्ये मीटर करारावर सह्या केल्या. भारतात १९५६ मध्ये कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून शेर, मण, छटाक यांच्या जागी टप्प्याटप्प्याने किलो आणि ग्रॅम आले.

पॅरिसजवळ जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा २० मे २०१९ पर्यंत जगाचा किलोग्रॅम होता. आता किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून होते. योग्य उपकरण असेल तर कोणताही देश ती स्वतः पडताळू शकतो, कुणाच्या तिजोरीकडे पाहावे लागत नाही. १७९० मध्ये ठरले होते ते हेच.

घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर एक लिटर पाणी मोजून त्यावर ठेवून पाहा. भांड्याचे वजन आधी वजा करा. पाणी २७ अंशांचे आणि माप अगदी अचूक असेल, तर आकडा हजाराऐवजी ९९६ किंवा ९९७ ग्रॅम दिसेल. काटा बिघडलेला नाही. गरम पाणी थोडे विरळ होते, एवढेच. तो आकडा लिहून ठेवण्याआधी लॅव्हाझिए यांनीही पाण्याचे तापमान विचारले असते.